अभ्यासिकेची वही

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, बाबांना तर नाहीच. पण परवा पुन्हा एका समारंभात 'आपण आपला वारसा जपला' असं भाषण झालं, मला शाल घातली गेली — आणि मी ती निमूट घेतली. जपला? कुणी? कुणासाठी?

उल्हासनगरात लष्करी छावणीच्या काळातल्या थोड्या बराकी अजून उभ्या आहेत. त्यातलीच ही एक, लांबलचक, कौलारू. फाळणीनंतर तिच्यात कुटुंबं राहिली आणि पुढे अभ्यासिका झाली. मोरिवलीला एका खोलीत आम्ही सहा जण. बाबा कंपनीत शिफ्टला. मी रोज सायकल मारत इथे यायचो. घराण्यातला पहिला पदवीधर झालो तो इथल्याच बाकावर बसून.

किल्ली अभ्यासिका चालवणाऱ्या खूबचंददादांकडे असायची. फी नव्हती, नियम एकच — आत येताना वहीत नाव, सही आणि आज काय वाचणार ते लिहायचं. मी तीन महिने 'पूलबांधणी' हा एकच विषय लिहीत होतो, तेव्हा दादा म्हणाले होते, "क्या रे इंजिनिअर, पूल बांधतोयस की त्याच्याखालीच राहायला गेलास?" सगळी पोरं हसली. मीही.

पुढे मला नोकरी लागली ती जुन्या इमारती दुरुस्त करणाऱ्या एका फर्ममध्ये. आणि काम आलं ते याच बराकीचं. पाहणीच्या तक्त्यात एक रकाना असतो, 'सध्याचा वापर'. तिथे अभ्यासिका लिहिलं असतं तर नव्या नकाशात अभ्यासिकेला जागा द्यावी लागली असती. फर्मचे बॉस म्हणाले, मोकळी दाखव, इथे हॉल करायचाय. मी लिहिलं — वापरात नाही. लिहीत होतो तेव्हा पलीकडच्या बाकांवर चौदा-पंधरा मुलं वाचत बसली होती.

हे एवढंच असतं तर कदाचित कधीतरी बोललोही असतो. पण —

अभ्यासिका जाऊ नये म्हणून दादांनी हरकत घेतली आणि ते पालिकेच्या ऑफिसात सुनावणीला आले. हातात पिशवी, पिशवीत वीस वर्षांच्या वह्या. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी त्या चाळल्या आणि मला विचारलं, पाहणी तुमची आहे ना, मग हे काय? दादा माझ्याकडे बघत होते. ते मला ओळखत होते हो. एका वहीत माझ्या चार वर्षांच्या सह्या होत्या. ती त्यांनी उघडली असती तर तिथेच सगळं संपलं असतं.

मी म्हणालो, "सर, या वह्या नंतर बसून भरल्यासारख्या वाटतात."

दादांनी माझी वही पिशवीतून काढलीच नाही. टेबलावरच्या वह्या एकावर एक रचत ते एवढंच म्हणाले, "इंजिनिअर साहेब बोलतात, तर तसं असेल."

साहेब. मला.

मग काम सुरू झालं. चुना आठवडेच्या आठवडे मुरवला. एकेक तुळई हातानं घासली. विटेचा रंग जुळेना म्हणून तीन भट्ट्या फिरलो. विटेला एवढी माया! आणि ज्या मुलांना आम्ही बाहेर काढलं ती आता कुठे वाचतात, हे एका तरी बैठकीत कुणी विचारलं का? मी तरी विचारलं का? आज तिथे साखरपुडे होतात, प्रदर्शनं लागतात. दादा रस्त्याच्या पलीकडे चहाच्या टपरीवर बसतात. आत येत नाहीत.

आणि संताप कशाचा येतो सांगू? दाराशी काचेच्या कपाटात दादांचीच एक वही ठेवली आहे. त्यांच्या मुलानं ती पिशवी रद्दीत दिली, तिथून आमच्या लोकांनी ही वही आणली. सुनावणीत खोटी ठरलेली वही शोभेसाठी मात्र खरी! खालची पाटी मीच लिहून दिली — 'येथे पूर्वी अभ्यासिका होती.'

ती वही माझ्याच वर्षांची आहे. जे पान उघडं ठेवलंय त्यावर मी नाही. पानावरची तारीख बघता माझी पहिली सही पुढे, बऱ्याच पानांनंतर असणार.

वह्या खऱ्या होत्या. मी खोटं बोललो.

त्या कपाटाची किल्ली आता माझ्याकडे असते. मी ते अजून एकदाही उघडलेलं नाही.