बाविसावं मिनिट

हां, तर तो कारकून. काल जेवायची हाक आली आणि गोष्ट अर्धीच राहिली. कारकून म्हणत होता, कॉम्प्युटरला भुताने धरलंय, चालता चालता पटकन बंद होतो. फुंकरमास्तर सरळ खाली वाकला. टेबलाखाली शिरला, मांडी घालून बसला आणि खालूनच म्हणाला, "तुम्ही तुमचं काम करा, मी नाहीच असं समजा." पाच मिनिटांत कॉम्प्युटर बंद. मास्तर ओरडला, "सापडलं भूत! तुमचा डावा गुडघा!" गडी विचार करायला लागला की पाय हलवायचा, आणि गुडघा जाऊन बसायचा बोर्डाच्या बटणावर. आता तुम्हीच सांगा, याला कुठला मांत्रिक पुरा पडणार?

असा हा मास्तर. कॉम्प्युटर दुरुस्त करणारा. कुठलंही खोकं उघडलं की आधी आत एक फुंकर मारायचा, म्हणून ते नाव. माझं शिक्षण गावच्या शाळेत चौथीपर्यंत, पण त्याच्या दुकानातल्या बाकावर बसून बसून मलाही या विद्येतलं थोडं कळायला लागलं. बंद पडणारा कॉम्प्युटर आला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "किती वेळाने?" वाटेल तेव्हा पडत असेल तर वायर सैल, नाहीतर वीज पुरवणारा डबा खराब. पण सुरू केल्यावर रोज मोजून तितक्याच मिनिटांनी पडत असेल तर तो तापतोय. आतला मुख्य भाग जळू नये म्हणून यंत्र आपणहून मान टाकतं. मग पंखा बघायचा. "काका, दहातली सात दुखणी पंख्याची," तो म्हणायचा.

आणि त्याच्या स्वतःच्या घरचा कॉम्प्युटर बाविसाव्या मिनिटाला बंद पडत होता.

तो कॉम्प्युटर त्याच्या बायकोचा. ती घरी बसून छापखान्यासाठी टाइप करायची. बाई मोठी हसरी, आणि केस म्हणाल तर कमरेखाली. जगाच्या खोक्यांना झाकणं बसवणाऱ्या मास्तरने घरच्या खोक्याला कधी झाकण लावलं नव्हतं. टेबलाशेजारी जमिनीवर ते उघडंच असायचं. न्हायल्यावर ही बाई त्याच्याकडे पाठ करून बुटक्या स्टुलावर बसायची आणि आतून येणाऱ्या गरम वाऱ्यावर केस वाळवायची. दर महिन्याला मास्तर पंख्यातून केसांचा गुंता काढायचा आणि मला दाखवायचा. "बघा काका, हिला टक्कल पडणार आणि माझ्या पंख्याला वेणी येणार."

"येऊ दे की," ती आतून म्हणायची. "घरात तुमच्यापेक्षा तोच जास्त ऐकतो माझं."

मागच्या वर्षी चार दिवसांच्या तापात ती गेली. त्यानंतर वर्षभर मास्तरने त्या खोक्याला हात लावला नाही.

घरात राहिली बापलेक. मुलीने दूरच्या शहरातल्या एका कॉलेजसाठी अर्ज केला होता. परीक्षा घरूनच, कॉम्प्युटरवर, दोन तास. आणि नियम असा की ज्या कॉम्प्युटरवरून नोंदणी केली त्याच कॉम्प्युटरवरून परीक्षा द्यायची. मध्ये बंद पडला तर पुन्हा आत घेत नाहीत. पोरीने सराव करून पाहिला. बाविसाव्या मिनिटाला पडदा काळा. पुन्हा केला. पुन्हा बाविसावं मिनिट. परीक्षेला आठ दिवस होते.

मास्तरने काय केलं? भिंतीतलं बटण बदललं. वायर बदलली. वीज पुरवणारा नवा डबा बसवला. मी बाकावरून बघत होतो. त्याच्याच दुकानात शिकलेलं त्यालाच कसं सांगायचं, म्हणून दोन दिवस गप्प बसलो. तिसऱ्या दिवशी राहवेना.

"मास्तर, ठरावीक मिनिटाला पडतोय म्हणतोस, मग डबा कशाला बदलतोस? पंखा बघ की."

"तसलाच नवा शोधतोय, काका. त्या मापाचा आता येत नाही."

"जुना बिघडलाय?"

"नाही."

"मग?"

तो उठला आणि दुकानाची पुढची फरशी झाडायला लागला. सकाळीच झाडलेली होती.

शुक्रवारी सकाळी मी त्यांच्याकडे जेवणाचा डबा परत द्यायला गेलो, तेव्हा पोरगी दारातच बापासमोर उभी होती. परवावर परीक्षा आली होती. हळू बोलत होती, पण तिचा आवाज फाटला होता.

"सगळ्या गावाचे तुम्ही एका दिवसात करून देता. माझाच होत नाही. बाबा, खरं सांगा, मी जायला नकोय ना तुम्हाला?"

 ती चप्पल घालून कामावर निघून गेली. मला "येते आजोबा" म्हणाली, एवढंच.

"काका, जाऊ नका. बसा जरा," मास्तर म्हणाला.

त्याने खोकं उजेडाला ओढलं. खाली वर्तमानपत्र पसरलं. पंख्याचे चार स्क्रू काढले आणि पंखा तळहातावर घेऊन माझ्यासमोर धरला. मधल्या दांडीभोवती काळा, चिकट बोळा घट्ट बसला होता. वर्षभराची धूळ, तेल, आणि त्याखाली केस. मला तेव्हा कळलं. मी चष्मा काढला आणि उगीच पुसत बसलो.

त्याचा बेत होता, नवा पंखा मिळाला की हा असाच्या असा उचलून ठेवायचा. तो मिळाला नाही. मग म्हणाला, एक तरी केस अख्खा सुटेल. बायकोचा छोटा कंगवा अजून आरशापाशी होता, तो आणला. चिमटा घेतला. अर्धा तास तो त्या दांडीवर वाकून होता. या माणसाने उभ्या आयुष्यात हजारो खोक्यांत फुंकर मारली असेल, त्या दिवशी श्वाससुद्धा तोंड बाजूला वळवून सोडत होता. पण बोळा सुटेना. केस तेलात आणि धुळीत इतके मुरले होते की ओढलं की तुटायचे. शेवटी ब्लेड घ्यावं लागलं. नखाएवढे तुकडे कागदावर पडत गेले. केस म्हणून ओळखू यावा असा एकही नव्हता.

"मिळाला का रे?" मी विचारलं.

त्याने नाही म्हणून मान हलवली. पंखा पुसला, जागेवर लावला, बटण दाबलं. पंखा भिंगरीसारखा फिरायला लागला, आवाजसुद्धा नाही. मास्तरने तुकड्यांची पुडी बांधली. आधी खिशात घातली, मग काढली. कपाटापाशी गेला, तिथून खिडकीपाशी गेला. शेवटी पुडी मुठीत धरून त्या बुटक्या स्टुलावर बसला, आणि मग असा रडला, की मला बघवलं नाही. बाई गेली त्या दिवशीही तो रडला नव्हता हो. आल्यागेल्याला पाणी देत होता.

रविवारी परीक्षा झाली. आम्ही दोघं बाहेरच्या खोलीत. मास्तर भिंतीला कान लावून उभा. बाविसावं मिनिट गेलं तेव्हा त्याने माझा दंड धरला, तो दोन तास संपेपर्यंत सोडला नाही.

पोरगी बाहेर आली. पेपर चांगला गेला होता, तोंडावरच दिसत होतं. शुक्रवारचा राग अजून पुरता उतरला नव्हता, पण बापाकडे बघून थोडी हसली. "चालला की पूर्ण वेळ! किती वेळ लागला हो बाबा दुरुस्तीला? आणि मला उगाच आठ दिवस टांगून ठेवलंत."

मास्तर म्हणाला, "दहा मिनिटांचं काम होतं गं. पंख्यात तुझ्या आईचे केस अडकले होते. हात लावायला मला वर्ष लागलं."