जयश्रीच्या केळीचं बारसं

माझी नात जयश्री सुरतेत बायोटेक्नॉलॉजी शिकली, हे मी गावात भेटेल त्याला सांगतो. समोरचा "म्हणजे काय हो, सुपडूआबा?" म्हणाला की मग त्याला बसवूनच घेतो. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही मारुतीच्या देवळात भरणाऱ्या शाळेतलं. पण केळी मला कळते. तापीकाठी पन्नास वर्षं दुसऱ्यांच्या आणि थोडी स्वतःच्या शेतात केळीच केली.

नव्याण्णव सालची गोष्ट. मी आणि माझी घरवाली सुभद्राबाई तेव्हा सुरतेला, उधन्यात, मुलाकडे राहत होतो. मुलगा गजेंद्र लूमवर होता, सून घरी साड्यांना टिकल्या लावायची, आणि जयश्री बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होती. त्याच वर्षी गजेंद्रचा कारखाना बंद व्हायचं ठरलं. खोली कारखान्याची, ती मेअखेर रिकामी करून सगळ्यांनी गावी जायचं. म्हणजे जयश्रीला हे वर्ष एकदाच. ती नापास झाली असती, तर पुन्हा परीक्षेला बसायला सुरतेत घरच नव्हतं.

त्या वर्षी प्रत्येकाला स्वतःच्या हाताने काहीतरी वाढवून बाहेरच्या परीक्षकांना दाखवायचं होतं. जयश्री म्हणाली, "मी केळी वाढवणार." मला काय आनंद झाला म्हणून सांगू! जुलैत गावी जाऊन चांगल्या वाणाचे कंद खणले, गोणीत भरले, भुसावळ पॅसेंजरने घेऊन निघालो. तिकीट तपासनीस म्हणाला, "काय काका, सुरण?" मी म्हटलं, "नाही साहेब, नातीचा अभ्यास आहे." त्याने गोणीला हात लावला नाही.

आठ-दहा किलोचं ओझं आणलं मी. जयश्रीने कॉलेजात नेऊन ते सोलत सोलत पार आतला, नखाएवढा कोंब घेतला आणि बाकीचं टाकून दिलं! तो कोंब औषधाने धुतला, बाटलीत साखरेच्या खिरीसारखं काहीतरी होतं त्यावर बसवला. एकाचे चार झाले, चाराचे सोळा. मी एकदा बघायला गेलो, तर काचेच्या दारातूनच दाखवलं. "आत बाहेरचा वारासुद्धा चालत नाही, आबा."

फेब्रुवारीत मुळ्या फुटलेली छत्तीस रोपं बाटलीतून काढून इवल्या पिशव्यांत लावली. तो अभ्यासक्रम नवा होता. कॉलेजात सावलीची जाळी अजून बांधलेली नव्हती, म्हणून तिला शिकवणाऱ्या अरुणा मॅडमनी रोपं घरी न्यायला सांगितलं. सहा-सहाच्या सहा पेट्या रिक्षातून आल्या, वरून प्लास्टिक ताणलेलं. जयश्रीने घरात ठणकावलं, "मी सांगेपर्यंत हे कोणीही उघडायचं नाही."

आता माझी जीभ गप्प बसेल तर ना! गल्लीतल्या बाया बघायला आल्या, त्यांना मी समजावून दिलं, "ही बाळंतिणीच्या खोलीतली लेकरं आहेत. वारा लागू द्यायचा नसतो." बायांना पटलं. सुभद्राबाईला जरा जास्तच पटलं. गल्लीत कोणाचंही बाळ असो, पाचवी आणि बारसं हिच्याशिवाय होत नसे. पाचव्या दिवशी तिने प्लास्टिकवर बाहेरून हळद-कुंकू लावलं, तर जयश्री हसली आणि कॉलेजला गेली. तेव्हा कोणी तरी बोलायला हवं होतं.

बाराव्या दिवशी जयश्रीची प्रॅक्टिकलची परीक्षा होती. सुभद्राबाईने पेट्या गच्चीवर काढल्या. बारावा दिवस, लेकरांना सूर्य दाखवायला हवा. पाच पेट्यांचं प्लास्टिक सोडलं. बायांना बसायला जागा हवी म्हणून सहावी पेटी घरात खाटेखालीच राहिली. हरभऱ्याच्या घुगऱ्या वाटल्या, नावं ठेवली. मी तिथेच होतो. दोन नावं तर मीच सुचवली.

दुपारी बारा वाजेपर्यंत पानं ओल्या चिंधीसारखी लोंबली.

जयश्री दोनला आली. गच्चीच्या दारात थांबली. "कोणी उघडलं?"

"मी दखाडं त्यास्ले सूर्य," सुभद्राबाई म्हणाली. "आज बारावा दिन शे ना, माय."

जयश्री ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने दप्तर खाली ठेवलं, पेट्या उचलून आत आणल्या, पाणी मारलं, प्लास्टिक परत ताणलं. त्यातल्या तीसपैकी चार जगली. खाटेखालची सहाच्या सहा ताजी राहिली.

छत्तीसमधली दहा घेऊन परीक्षकांपुढे काय मांडणार? गजेंद्र म्हणाला, "वीज गेली होती असं लिही. सुरतेत कोणाला खोटं वाटणार?"

"पप्पा, केळीला पंखा लागतो का?"

मी म्हटलं, "मी गावाहून केळीच्या बुडाशी फुटलेले बारके मुनवे आणतो. पिशवीत लावले की कोण ओळखतंय?"

"पिशवी सोडली की खाली कंद दिसेल, आबा. बाटलीतल्या रोपाला कंद नसतो." वर म्हणाली, "तुम्हाला हे माझ्यापेक्षा चांगलं कळतं."

अरुणा मॅडमनी तिला एकच सांगितलं, "मेलेल्या रोपांचीही नोंद असते. केव्हा, कसं, कोणी, सगळं लिही." तिने तसं लिहिलं. एका बाजूला एकदम उघडलेली तीस, दुसऱ्या बाजूला झाकलेली सहा.

तोंडी परीक्षेला रोपांच्या पेट्या धरून मी बरोबर गेलो. उकाड्यामुळे दार उघडं होतं, मी बाहेर बाकावर. बडोद्याचे साहेब वही चाळत होते. बाराव्याच दिवशी का उघडलं, ते त्यांनी गुजरातीत विचारलं, "बारमे दिवसे केम खोल्युं?"

"मारी दादीए खोल्युं, सर. अमारे त्यां बाळकनुं नाम बारमे दिवसे पाडे छे."

आजी, बारसं, सगळं तिने सांगून टाकलं. मी मान खाली घातली. आता हसतील, वाटलं. कोणी हसलं नाही. साहेबांनी विचारलं, म्हणजे चूक आजीची का? जयश्री गुजरातीतच बोलली, पण ते मला अजून मराठीत ऐकू येतं. "नाही सर, माझी. उघडू नका, एवढंच मी सांगितलं. का उघडू नका, ते सांगितलं नाही. मला वाटलं, त्यांना कळणार नाही."

केळीत जन्म गेलेली दोन माणसं घरात होती, आणि आम्हीही तिला काही विचारलं नव्हतं.

जूनमध्ये आम्ही गावी आलेलो होतो. अरुणा मॅडमचा फोन वाण्याच्या दुकानात आला. पास. सेकंड क्लास. मी वाण्याकडून पेढे घेतले, तिथल्या तिथे चौघांना वाटले, आणि घरी पोचेपर्यंत पुडा रिकामा.

सुभद्राबाईने फेब्रुवारीपासून एकही बारसं केलं नव्हतं. बोलवायला आलेल्या बाईला ती सांगायची, "मना हात चांगला नही." पास झाल्याचं ऐकूनही ती चुलीपुढेच बसून राहिली. तेव्हा जयश्रीने तिला हाताला धरून उठवलं आणि शेतात नेलं. मी मागोमाग. केळीच्या मोठ्या पानावर जयश्रीने अंगठा फिरवला, अंगठ्याला पांढरं लागलं, ते आजीला दाखवलं.

"हे मेण आहे, आजी. याच्यामुळे पानातलं पाणी उडून जात नाही. बाटलीतल्या पानाला ते नीट आलेलं नसतं. हळूहळू बाहेरची हवा दिली की येतं. म्हणून झाकायचं, आणि रोज थोडं थोडं उघडायचं."

सुभद्राबाईने स्वतःचा अंगठा पानावर फिरवला. बघितला. पदराला पुसला.

"हाई ते माले म्हाईत शे," ती म्हणाली. "केळना पानवर पानी टिकस नही. हाई मेनच ना? मंग तव्हयच का बरं नही सांगं तू माले?"

जयश्रीने आजीचा हात हातात घेतला. घरी येईपर्यंत तो सोडला नाही.