टॉवेलाखालचा भाव
बंद पडलेल्या कॉम्प्युटरचा डबा काल उघडला, तापलेल्या धुळीचा वास आला आणि राजारामपुरीतली ती दुपार आठवली. वडील म्हशींचे व्यापारी. गेम खेळायचा कॉम्प्युटर हवा म्हणून मी वर्षभर त्यांच्या मागे लागलेलो, आणि उन्हात दुकानामागून दुकान फिरून दोघांच्याही पायांचे तुकडे पडले होते. शेवटच्या दुकानदाराने दोन प्रोसेसर समोर ठेवले. एक वेगवान, पण त्याला ग्राफिक्स कार्ड वेगळं घ्यावं लागणार. दुसऱ्यात ग्राफिक्स आतच, गेम मात्र जरा दमानं चालणार. "खातोय किती?" वडिलांनी विचारलं. "ह्यो दुसरा वीज कमी खातोय," दुकानदार म्हणाला. "मग ह्योच. दमानं चालू दे की." हट्ट करायचंही त्राण माझ्यात उरलं नव्हतं. मग वडिलांनी खांद्यावरचा टॉवेल दुकानदाराच्या हातावर टाकला आणि आजूबाजूला भाव कळू नये म्हणून वडगावच्या जनावरांच्या बाजारात करतात तशी खालून त्याची बोटं दाबायला लागले. तो गडबडला. "पावणं, तोंडानं सांगा की!" "पोरगं हाय शेजारी," वडील हळूच म्हणाले. त्यानंतर त्याने हात काढून घेतला नाही. ठरलेली किंमत मला कधीच कळली नाही. काल रात्री मोबाईलवर नवा प्रोसेसर बघत होतो, तर शेजारी टेकलेल्या वडिलांनी विचारलं, "कितीला पडतोय रं?" माझा पंजा आपोआप स्क्रीनवरच्या किमतीवर गेला. ते दमल्यासारखं हसले आणि खांद्यावरचा टॉवेल काढून माझ्याकडे सरकवला.