अकरामामाची तार

आमचे भावजी माणसाच्या तोंडाकडं नंतर बघायचे, आधी बोटांकडं. कुणी घरी आलं का त्याचा हात धरायचे, बोटांची टोकं दाबायचे आन आकडा सांगायचे. "हा नऊ." "हा दहा." माझ्या पोरासाठी पोरगी बघायला गेलो तर तिथंबी तेच. पोरगी लाजली, तिचा बाप घाबरला. भावजी म्हणले, "दहा हाय. वहिनी, करून टाका." केली. सून चांगली निघाली.

भावजी म्हंजी माझे धाकटे दीर. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात लाईटवरची गिटार वाजवायचे. तिच्या तारांना आकडे असत्यात. नऊ म्हंजी बारीक, दाबायला हलकी. अकरा जाड, आवाज भरून येतो, पण बोटं सोलून काढती. भावजींनी जन्मभर अकराच लावली, म्हणून सगळं ओझर त्यांना अकरामामा म्हणायचं. कुणी नऊ लावली का म्हणायचे, "त्यापरीस शेवया बांध."

माझे मालक लवकर गेले. पोर कडेवर होतं. मी द्राक्षाच्या बागेत कामाला जायची, भावजी लग्नं वाजवायचे. लग्नसराई सरली का घरात नुसती भाकर आन ठेचा. त्यांनी स्वतःचं लग्न केलं नाय. "दोन घरं झेपायची नाय," एवढंच म्हणले. सांजच्याला माझी बोटं कात्रीनं फुगलेली, त्यांची तारांनी सोललेली. मिठाचं कोमट पाणी दोन वाट्यांत घेऊन बसायचो. एकदा मी इचारलं, "भावजी, माझा आकडा?"

"तुमी बारा. चढवायला जड, पण एकदा लागली का सूर सोडत नाय."

"सूर राहू द्या, पाणी गार झालं."

नातीचं लग्न ठरलं. ती म्हणली, "आबा, हळदीला तुमीच वाजवायचं. दुसरं कुणी नको." भावजी हो म्हणले. पण तवर त्यांचे सांधे सुजले होते. दार लावून वाजवायला बसायचे. एक दिवस ऐकलं तर गिटार माशीवाणी भुणभुणत होती. मी दार ढकललं.

"वहिनी, नऊ लावलीया. अकरा दबत नाय आता."

"मग भुणभुणती का?"

"बारीक तारेला वढ कमी. दांडा मागं सरला, तार पट्ट्यांना घासती. दांड्यातली सळई जरा ढिली करायला पायजे. माझ्या बोटांनी चावी फिरत नाय."

"दुकानात द्या की."

"नाशकातले सगळे दुकानवाले मला ओळखत्यात. अकरामामानं नऊ लावली, हे उद्या वाजंत्र्यांत होईल."

सकाळी गिटार चादरीत गुंडाळली आन यष्टीत बसले. नाशकात गाडी बदलून थेट देवळाली क्यांप. कंडक्टर म्हणला, "आजी, कार्यक्रम कुठं?" म्हणलं, "तुझ्या लग्नात. तिकीट दे."

क्यांपातल्या दुकानदारानं इचारलं, "कुणाची हाय?"

"माझी."

त्यानं माझ्या हाताकडं बघितलं. "मग नऊच बरी, आजी. जाड तार तुमाला झेपायची नाय." लय राग आला, पण म्हणलं, "नऊच राहू दे, सळई तेवढी ढिली कर." त्यानं सळई फिरवली, त्याच तारा सुरात लावून दिल्या. भुणभुण गेली.

हळदीला भावजींनी असं वाजवलं का नवरीनं हळदीच्या पाटावरून उठून नाच केला. त्यांच्या जुन्या ढोलकीवाल्यानं पाठ थोपटली, "या वयात अकरा. मानलं, मामा." भावजींनी माझ्याकडं बघितलं. मी हळद कालवत राहिले.

गेल्या हिवाळ्यात भावजी गेले. आलेला माणूस म्हणायचा, अकरामामासारखी बोटं परत व्हायची नाय. मी मान हलवायची.

गिटार आता नातीकडं हाय. परवा तिचा फोन आला, "आजी, तारा गंजल्या. आबांसारखी अकराच लावते."

म्हणलं, "आधी बोटं दाबून बघ. दुखली तर नऊ लाव. आबा काय बोलायचे नाय."