नळीतला विटकरी रंग

मिलचा पहाटेचा भोंगा झाला की मला अंथरुणात पडवत नसे. न्हाणीच्या कोनाड्यात स्पिरिटचा दिवा, काचेची नळी आणि निळ्या औषधाची बाटली असे. नळीत ते औषध घ्यायचं, सकाळच्या लघवीचे चार थेंब टाकायचे आणि उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, पिवळं म्हणजे जास्त. आणि विटकरी झालं की घरात माझ्यावर खटला सुरू.

सत्तरच्या दशकातला तो अख्खा उन्हाळा नळी विटकरीच होत होती. मी इन्सुलिनवर होते, बाळंतपणानंतर लगेचच लागलं होतं. सुई बघितली की आमच्या ह्यांना घेरी यायची आणि माझा स्वतःचा हात थरथरायचा. म्हणून ते काम सासूबाईंनी अंगावर घेतलं. घरातले सगळे त्यांना अव्वा म्हणत, मीही. सिरिंज उकळून, गार करून, देवपूजा आटोपली की त्या माझ्या डाव्या दंडाला टोचत. हात मात्र हलका. कळायचंसुद्धा नाही.

पण जीभ हलकी नव्हती. माझं माहेर अकलूजचं, चहूकडे ऊस. दरवर्षी तिथून गुळाची ढेप यायची. नळी लाल दिसली की अव्वा दारातूनच विचारायच्या, "रात्री बेल्ल खाल्लीस की न्हाय, खरं सांग." बेल्ल म्हणजे गूळ. अक्कलकोटकडच्या असल्यामुळे रागात त्यांना कानडी आठवायचं.

"नाही खाल्ला, अव्वा."

"मग ही साखर काय आभाळातनं पडली व्हय?"

गुळाचा डबा त्यांच्या ट्रंकेत गेला, ट्रंकेला कुलूप लागलं. तरी नळी विटकरी. मग माझ्या उशीखाली, मुलीच्या दुपट्यांत साखरेच्या पुड्या शोधून झाल्या. माझा संताप संताप व्हायचा. एकदा मी सरळ म्हणाले, "माझं पोट फाडून बघा आता." ह्यांनी पेपर तोंडासमोर धरला. त्या माणसाने उभ्या आयुष्यात पेपराआडून एवढं वाचलं, पण मेलं एकदा तोंड उघडलं नाही.

रात्रीची भाकरी मी निम्म्यावर आणली. डॉक्टर रंग ऐकून औषध वाढवत होते. तरी तेच. शेवटी माझा माझ्यावरच भरवसा राहिना. झोपेत उठून मीच काही खाते की काय? दिवसभर जीव थाऱ्यावर नसे. शेजारच्या घरात माग खटखटत असायचा आणि मला वाटायचं, तो माझ्या डोक्यातच चाललाय.

नळावर अव्वांनी सांगून टाकलं होतं, "सून चोरून खाती." गल्लीतल्या बायका आधी माझ्या तोंडाकडे आणि मग हाताकडे बघायला लागल्या. तेही सोसलं असतं. पण एका सकाळी अव्वा म्हणाल्या, "आता माहेरी जा. बरी हो, मग ये. पोरगी हितंच ऱ्हाईल. तुझी तुला धड निगा ठेवता येत न्हाय, तिची काय ठेवणार?"

मुलगी दीड वर्षाची होती. मला माहीत होतं, अशी गेलेली बाई लवकर परत येत नाही. भीतीने माझ्या तोंडाला कोरड पडली, आणि ती साखरेची नव्हती.

जाण्याआधी एकदा दवाखान्यात दाखवायचं ठरलं. अव्वा सोबत आल्या, तक्रार करायलाच. नेहमीचे डॉक्टर रजेवर होते, त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टरीणबाई बसल्या होत्या. अव्वांचं सगळं ऐकून घेऊन त्यांनी एवढंच विचारलं, "टोचता कुठे?"

अव्वांनी माझी बाही वर सारली आणि बरोब्बर जागेवर अंगठा ठेवला. "हितं. हितं तिला दुखत न्हाय."

बाईंनी तिथे चाचपलं. सुपारीएवढी मऊ गाठ होती. आम्हा दोघींनाही ती माहीत होती, इंजेक्शन म्हटलं की असं होतंच, असं आम्ही धरून चाललो होतो.

"रोज एकाच जागी टोचून ही गाठ झालीय. तिथे दुखत नाही हे खरं, पण औषधही तिथून अंगात नीट जात नाही," बाई म्हणाल्या. "रोज जागा बदला. मांडी, पोट, दुसरा दंड. आणि आता औषध कमी करते, नाहीतर साखर एकदम उतरेल."

अव्वांनी माझी बाही खाली ओढली. मग हळूच म्हणाल्या, "पर दुसरीकडं दुखंल की तिला."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. एवढे दिवस ही बाई मला चोर म्हणत होती, आणि रोज सकाळी मला दुखू नये म्हणून तीच जागा शोधत होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मांडीला टोचलं आणि मी "आई गं!" म्हणून ओरडले. पण त्यांनी सुई काढली नाही. पुढच्या सकाळी रंग पिवळा आला. त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा विटकरी. माहेरी जायची माझी पिशवी भरलेलीच होती. त्या दिवसांत मी मुलीला कडेवरून खाली ठेवत नव्हते.

मग एका सकाळी नळी उकळली आणि हिरवी झाली. स्वच्छ हिरवी. मी न्हाणीतूनच हाक मारली, "अव्वा!"

त्या पूजेवरून उठून आल्या, कपाळावर विभूती ओली होती. एरवी सोवळ्यात त्या नळीची सावलीसुद्धा अंगावर पडू देत नसत. त्यांनी पदराने ती गरम नळी धरली, उजेडात बघितली आणि सरळ रस्त्यावर गेल्या. मागवाल्यांच्या दारात उभ्या राहून त्यांनी शेजारणीला बाहेर बोलावलं.

"काय हाय ते?" शेजारणीने विचारलं.

"सुनेची लघवी हाय. बघ नीट. ती चोर न्हाय. मीच चुकीच्या जागी टोचत हुते."

मी मुलीला घेऊन उंबऱ्यात उभी होते. अव्वा, घरात या, लाज वाटते, असं म्हणायचं होतं. तोवर त्या पुढच्या दाराची कडी वाजवत होत्या.