चीनच्या शेतकऱ्यांवरचं माझं भाषण

सौसरला कॉलेजात मी वीस वर्षांपासून आधुनिक चीनचा इतिहास शिकवून राहिलो. चीन पाहिला नाही, पण तिथला शेतकरी मला पाठ आहे, असा माझा समज. जवळच्या रामाकोना गावात त्यावरच भाषण ठोकलं: तिथल्या नेत्यांनी शेतकऱ्याला न विचारता शेतीची कशी वाट लावली.

शेवटी संत्र्याची बाग असलेला एक शेतकरी उठला. "सर, बहार यावा म्हणून आपण झाडाचं पाणी तोडतो. चीनमध्ये कधी तोडतात?"

मी गंभीरपणे म्हणालो, "अभ्यासकांमध्ये मतभेद आहेत."

घरी येऊन बायकोला विचारलं, "आपल्या संत्र्याच्या बागेचं पाणी कधी तोडलं?"

"तोडलं होतं. सुकलेली झाडं पाहून परवा तुम्हीच त मोटर लावली. गेला बहार. मले इचारलं का?"