उघड्या दाराच्या डॉक्टरीणबाई

डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याचं दार कधी बंद नसे. बुऱ्हाणपूरचा उन्हाळा म्हणजे भट्टी. गरम वाऱ्याची लू आत घुसे, टेबलावरच्या चिठ्ठ्या उडत, पण बाई दार लावत नसत. तपासणी पडद्याआड, बोलणं मात्र उघड्या दारात. बाहेर बाकावर बसलेल्या बायकांना गावातली निम्मी दुखणी तोंडपाठ होती. "दार उघडं असलं की कुणी नावं ठेवत नाही," असं बाई म्हणत.

बाई अमरावतीकडच्या, एकट्या, तोंडानं फटकळ. विदर्भ वेगळा निघून मध्य प्रदेश नवा झाला तेव्हा पुष्कळ मराठी मंडळी बदली करून घेऊन तिकडे गेली, बाई राहिल्या. पाटी तेवढी हिंदीत रंगवून घेतली. "पाटी बदलली, पोटदुखी तीच," म्हणाल्या. जवळच्या बहादरपूरचा कुणी केळीचा घड घेऊन आला की त्याला ऐकवत, "घड राहू दे, आधी बायकोला दूध पाज."

कायदाही जुनाच होता. गर्भ पाडणाऱ्याला तुरुंग, पाडून घेणारीलाही. आईच्या जिवावरच बेतलं तर सूट होती; पण बेतलं होतं हे नंतर पोलिसांना कोण पटवणार? एकट्या बाईचा बंद दाराचा दवाखाना म्हणजे संशयाला आमंत्रण. दार उघडं ठेवण्यामागं ही भीती होती.

माझ्या वहिनीचं तिसरं बाळंतपण बाईंनीच केलं. रक्त थांबेना. ते थांबेपर्यंत बाई घरी गेल्या नाहीत, जेवल्या नाहीत. "आता पुढचं नको, ही वाचायची नाही," असं त्यांनी माझ्या भावाला बजावलं. त्यानं मान डोलावली. मान डोलावण्यात आमच्या घरचे पुरुष पटाईत. वर्षभरात वहिनीला पुन्हा दिवस गेले.

मीच तिला दवाखान्यात घेऊन गेले. बाक भरलेला होता. वहिनी पुढं वाकून हळूच म्हणाली, "बाई, हे मले ठेवायचं नाही. तीन लेकरं हायेत, त्यांच्यासाठी जगायचं हाय मले." बाकावरची कुजबुज थांबली. बाईंनी तिकडे पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "असलं इथं बोलायचं नाही. टॉनिक लिहून देते." वहिनी उठली. पुढे कुणाला न सांगता ती एका खेड्यातल्या सुईणीकडे गेली आणि तापानं फणफणत परतली. बाई धावत आल्या, जमेल ते सगळं केलं. वहिनी गेली.

मी बाईंवर फार चिडले होते. त्या मात्र येत राहिल्या. वहिनीच्या धाकट्याचा गोवर, थोरलीचं शाळेत नाव घालणं, सगळ्याला हजर. रागावून तरी किती दिवस राहणार?

पुढे कायदा बदलला. सरकारमान्य दवाखान्यात डॉक्टरच्या सल्ल्यानं गर्भपात करता येऊ लागला. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरे, नवऱ्याची लागेना. तोवर बाई थकल्या होत्या. त्यांनी सुताराला बोलावून दाराला आतून कडी बसवली. साधा खोकला घेऊन आलेलीलाही आधी कडी लावायला सांगत, सासूला बाहेर बसवत, आणि गरज असेल तिला टांग्यात घालून स्वतः सरकारी दवाखान्यात नेत.

त्यांच्या शेवटच्या आजारात मी भेटायला गेले. घरात आम्ही दोघीच होतो, तरी म्हणाल्या, "दार लाव गं." मी कडी लावून जवळ बसले. त्यांनी कडीकडे बोट दाखवलं.

"तुझ्या वहिनीला एवढंच म्हणायला हवं होतं मी."